मुद्रक संघाची वर्गणी भरून नेमकं काय मिळतं?

उलटी_प्लेट

संघाचं नूतनीकरणाचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून आहे, म्हणून हा धागा.

छापखाना वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. एक फोर कलर ऑफसेट, एक जुनं टू कलर, एक कटिंग मशीन आणि आम्ही सातजण. संघाचे सभासद आम्ही वडिलांच्या काळापासून. म्हणजे वर्गणी जाते, सभासदांची यादी येते, यादी कपाटात जाते. अकरा वर्षांत मी सभेला दोनदा गेलो. त्यातली एक गणसंख्येअभावी तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा सुरू झाली.

यंदा सचिवांचा फोन आला. म्हणाले, नुसतं नाव नको, एखादी समिती घ्या, महिन्यातल्या दोनच संध्याकाळी. आता माझ्याकडे संध्याकाळ म्हणजे डिझायनरची "शेवटची" फाइल तिसऱ्यांदा येण्याची वेळ.

तर जे खरोखर सक्रिय आहेत त्यांनी सांगा, काय हाती लागलं? 'ओळखी वाढतात' हे उत्तर नको. ओळखी लिफ्टमध्येही होतात.

ग्रिपर_ढिला

वर्गणीची पावती मिळते. चांगल्या कागदावर असते.

बायंडिंगवाली

@ग्रिपर_ढिला, तो चांगला कागद कुणाच्या तरी जॉबमधला उरलेला असतो. पावत्या दरवर्षी कुणीतरी सभासद फुकट छापून देतो आणि त्या दरवर्षी उशिरा येतात. आमची स्मरणिका तर मुखपृष्ठावर रजिस्ट्रेशन हललेलं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसलेले, घेऊन आली होती. चारशे मुद्रकांच्या हातात दिली. तेवढ्या भिंगांखाली आमचा कुठलाच जॉब कधी गेला नसेल.

खिळेजुळारी

मी सांगतो. मोठा प्रतिसाद आहे, सवडीने वाचा.

शाळेच्या पुस्तकाचं काम होतं, बारा फर्मे, म्हणजे छापून घडी घालायच्या मोठ्या शीटा. नऊ छापून झाले आणि मशीनचं कंट्रोल कार्ड गेलं. नवीन यायला तीन आठवडे. पुस्तकं द्यायला राहिले होते सहा दिवस. माझ्या मापाच्या प्लेटा चढतील असं मशीन कुणाकडे आहे हे मला पाठ होतं, कारण आम्ही दोघं आधीच्या वर्षी संघाच्या प्रदर्शन समितीत होतो. चार महिने स्टॉलच्या नकाशावरून भांडलो होतो. त्याला रात्री साडेदहाला फोन केला. त्याने दुसऱ्या पाळीतला स्वतःचा जॉब मागे ठेवला आणि माझे तीन फर्मे काढून दिले. मी माझा मशिनमन आणि माझीच शाई पाठवली, म्हणजे आधीच्या फर्म्यांशी रंग जुळेल.

आता मुद्दा. मशीन भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. पण माझ्या पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव प्रत्येक पानावर छापलेलं असताना ते काम मी कुणाच्या हातात देणार? हा माणूस उद्या माझ्या पार्टीच्या दारात उभा राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते यादीत छापलेलं नसतं. चार महिने एका टेबलावर भांडल्यावर कळतं.

रोकडा

खिळेजुळारी, किस्सा छान आहे, पण त्यात संघ कुठे आहे? दोन माणसांची दोस्ती आहे. अशी दोस्ती माझी कागदवाल्याकडे माल उतरवताना झाली. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एकवीसजण, वर्गणी शून्य. "ब्लँकेट आहे का कुणाकडे" (मशीनचं रबरी, अंगावरचं नव्हे) असं टाकलं की दहा मिनिटांत उत्तर.

माझा अनुभव उलटा. दोन वर्षं कार्यकारिणीत होतो. बोलायचं मोठ्यांनी, खुर्च्या आम्ही लावायच्या. चर्चासत्र म्हणून बोलावलं तर शाईच्या कंपनीचा माणूस दीड तास स्वतःचा माल विकतो. आणि एका सभेनंतर गप्पांत मी बोलून गेलो की अमुक संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी तो शेजारच्या खुर्चीवाल्याकडे होता. वर्गणी भरून शत्रूला पत्ता दिला.

ग्रिपर_ढिला

@रोकडा, निदान अहवाल नीट छापला का त्याने?

रोकडा

नाही. तेवढंच समाधान.

चारशे_जीएसएम

हसून हसून पुरेवाट.

गंभीरपणे: रोकडांशी अर्धा सहमत. संघाने सगळ्यात आधी एक काम करावं, किमान दर ठरवावेत. सगळ्यांनी पाळले की ही एकमेकांचे गळे कापण्याची स्पर्धा थांबेल. त्यासाठी मी दुप्पट वर्गणी भरेन.

कलमवाला

चारशे_जीएसएम, थांबा. मी वकील आहे, घरचा छापखाना भाऊ चालवतो. स्पर्धकांनी एकत्र बसून दर ठरवणं बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि दंड संघालाही होतो, हजर असलेल्या सभासदांनाही. "आम्ही फक्त चर्चा केली" हा बचाव फारसा टिकत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं आहे की एका धंद्यातली माणसं मौजेसाठी जरी एकत्र जमली तरी बोलणं शेवटी भाव वाढवण्याच्या कटावर येतं. संघाच्या बैठकीत कुणी दराचा विषय काढला तर आक्षेप घ्या, तो इतिवृत्तात नोंदवायला लावा, आणि विषय थांबला नाही तर उठून बाहेर जा.

खर्च कसा काढायचा हे शिकवणं मात्र वेगळं. दर तुमचा तुम्ही ठरवा, पद्धत सगळ्यांनी शिका. ही वाट जुनीच आहे. अमेरिकेत छापखानेमालकांची देशव्यापी संघटना १८८७ मध्ये झाली. तिचं मूळ कारण कामगारांच्या नऊ तासांच्या मागणीला विरोध करणं, त्यात भूषण काही नाही. पण त्याच मालकांची १९०९ मध्ये शिकागोला एक मोठी परिषद भरली, ती खास खर्च काढण्याच्या पद्धतीवर. सगळे अंदाजपंचे दर देतात आणि एकमेकांना बुडवतात, हे तेव्हाही लक्षात आलं होतं.

तासाचा_हिशेब

कलमवाला यांनी माझा मुद्दा आयता काढून दिला. मला संघाकडून मिळालेली एकच गोष्ट सांगतो, बाकीचं सोडून द्या.

आमच्याकडे खर्च समिती आहे. पाचसहाजण महिन्यातून एकदा बसतात. दर कुणी बोलत नाही, फक्त तास. पहिल्या बैठकीत मला विचारलं, तुमचं मशीन महिन्यात किती तास चालतं? मी म्हटलं, सव्वीस दिवस गुणिले आठ, दोनशे आठ. एक म्हातारे काका हसले. म्हणाले, मशिनमनच्या हातात वही द्या आणि महिनाभराने या.

वही लिहिली. प्लेट बदलणं, ब्लँकेट धुणं, रंग जुळवणं हे जॉबचेच तास, ते पार्टीच्या बिलात बसतात. पण "पार्टी प्रूफ बघायला येतेय" म्हणून थांबलेलं मशीन, कटिंग होऊन कागद यायची वाट बघणारं मशीन, आमच्याच चुकीने पुन्हा छापलेला जॉब, नुसतं बंद मशीन, हे सगळं वजा केल्यावर बिलात लावण्यासारखे तास उरले १२१.

म्हणजे मी महिन्याचा खर्च २०८ ने भागून तासाचा खर्च काढत होतो, भागायला हवा होता १२१ ने. माझा खरा खर्च मी समजत होतो त्याच्या पावणेदोनपट होता. सहा वर्षं मी जे जॉब "थोड्या नफ्यात" केले ते तोट्यात गेले होते. शेजारचा स्वस्त देतो म्हणून मी शिव्या घालायचो. तो शेजारी मीच निघालो.

उलटी_प्लेट

@तासाचा_हिशेब, हे वाचून पोटात गोळा आला. पण हे कुठल्याही हिशेबाच्या वर्गात शिकता आलं असतं ना? संघच कशाला?

तासाचा_हिशेब

हिशेब कुठेही शिकता येतो. पण माझ्याच मापाचं मशीन असलेल्या चौघांचे तास शेजारी ठेवून बघता येत नाहीत. एकाचे १४० होते. का, तर तो उद्याच्या प्लेटा आणि कापलेला कागद आदल्या संध्याकाळी मशीनपाशी लावून ठेवायचा. एवढंच. मी त्याच्याकडे अर्धा दिवस उभा राहून बघितलं. बाहेरच्या शिक्षकाला हे सुचलं नसतं, आणि त्या माणसाने व्हॉट्सॲपवर ते कधीच लिहिलं नसतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

नवशिका_ऑफसेट

अवांतर विचारू का? मोठ्या शीटवर मागच्या टोकाला रंग उघडतात, पुढे ग्रिपरकडे, म्हणजे मशीन कागद पकडतं त्या टोकाला, बरोबर बसतात. कागदाच्या कडा लाटांसारख्या झाल्यात. मशिनमन म्हणतो ब्लँकेट बदला, बदललं, तेच.

चारशे_जीएसएम

ब्लँकेटचा दोष नाही. कडा लाटांसारख्या म्हणजे तुमच्या खोलीतली हवा कागदापेक्षा दमट आहे. गठ्ठ्याच्या कडा ओल पितात, मध्य तसाच राहतो, म्हणून कडा लांबतात. हवा कागदापेक्षा कोरडी असती तर उलट झालं असतं, कडा आखडून मध्यभागी फुगा आला असता. कागद चाचणीची प्रमाण हवा २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, त्याच्या आसपास राहता आलं तर बघा. नाहीतर निदान रिम वेष्टणासकट मशीनच्या खोलीत आणून ठेवा, कागदाचं आणि खोलीचं तापमान एक होईपर्यंत वेष्टण फाडू नका. आणि कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, सिलिंडरच्या आसाला समांतर आहे ना ते बघा.

नवशिका_ऑफसेट

दाणा उलटा आहे!! कापताना फिरवला होता, वेस्टेज वाचवायला.

खिळेजुळारी

वाचवलेलं वेस्टेज आता मोजा.

ग्रिपर_ढिला

धागालेखक, बघा, हाच संघ. वर्गणी माझ्याकडे पाठवा. पावती देईन.

डेल्टा_ई

अवांतर संपलं असेल तर एक वेगळी बाजू मांडतो.

मोठ्या पार्ट्या हल्ली करारात लिहितात: छपाई आयएसओ १२६४७-२ प्रमाणे, म्हणजे ऑफसेटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. चारही रंगांच्या भरीव पट्ट्यांना डेल्टा ई, म्हणजे ठरलेल्या रंगापासूनचा फरक, पाचपर्यंत सूट. २०१३ च्या आवृत्तीत रंग मोजण्याची पद्धतही बदलली, एम१ नावाची आली, कारण हल्लीच्या कागदांत चमक आणणारी रसायनं असतात आणि जुन्या पद्धतीने मोजलं तर दोन यंत्रं दोन आकडे दाखवतात. ज्यांच्याकडे जुनी मोजणी यंत्रं होती त्यांची त्या दिवसापासून पंचाईत झाली.

हे आकडे आकाशातून पडत नाहीत. आयएसओची १३० क्रमांकाची तांत्रिक समिती छपाईचे मानक ठरवते. तिथे प्रत्येक देशाची मानक संस्था आपली माणसं पाठवते, आणि ती माणसं धंद्यातूनच येतात. मसुदे आधी त्या त्या देशात अभिप्रायासाठी फिरतात. मी संघातर्फे असे दोन मसुदे वाचलेत. कंटाळवाणं काम आहे, खोटं बोलणार नाही. पण त्या खोलीत यंत्र बनवणारे असतात, शाई बनवणारे असतात, विद्यापीठातले असतात. सातजणांचा छापखाना चालवणारा नसला की सातजणांच्या छापखान्याला काय परवडतं हे तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

रोकडा

डेल्टा_ई, हा पहिला मुद्दा ज्याला माझ्याकडे उत्तर नाही. एकवीसजणांच्या ग्रुपला कुणी मसुदा पाठवणार नाही. मान्य.

पाय_पका

इतिहास काढलाच आहे म्हणून: लंडनचा स्टेशनर्स संघ १४०३ चा, १५५७ मध्ये त्याला राजाची सनद मिळाली—

कलमवाला

राणीची. १५५७ मध्ये मेरी होती, तिच्या जोडीला फिलिप.

पाय_पका

बरं, राजाराणीची. मुद्दा असा की त्या सनदेने छापण्याचा अधिकार जवळपास सगळा संघाच्या सभासदांपुरताच राहिला. सभासद नाही तर छपाई नाही. बेकायदा छापखाने शोधून जप्त करायचा अधिकारही संघाला होता. कुठलं पुस्तक कुणाचं याची नोंदवही संघाकडे, आणि तिच्यातूनच पुढे १७१० चा लेखनहक्काचा कायदा उगवला. तेव्हा "वर्गणी भरून काय मिळतं" याचं उत्तर सोपं होतं: तुमचं मशीन तुमच्याकडे राहतं.

आपल्या संघाला सभा वेळेवर सुरू करायचा अधिकारही वापरता येत नाही.

बायंडिंगवाली

आता मी थोडं लांबण लावते.

मी गेले तेव्हा समितीत एकटी बाई. पहिल्याच बैठकीत ठरलं, "ताई इतिवृत्त लिहितील." का, तर अक्षर चांगलं असेल. माझं अक्षर खेकड्यासारखं आहे. तरी लिहिलं. आणि वर्षभरात उमगलं की इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात बरंच असतं. "या विषयावर चर्चा झाली" लिहायचं की "अमक्यांनी पंधरा तारखेपर्यंत करायचं ठरलं" लिहायचं, हे मी ठरवायचे. मी नाव आणि तारीख लिहायला लागले. लोक चिडले, पण कामं व्हायला लागली.

मग एका सभासदाकडे कटिंग मशीनवर कामगाराची दोन बोटं गेली. दोन हातांनी दाबायची बटणं होती. एक टेप लावून कायमचं दाबून ठेवलं होतं, काम भराभर व्हावं म्हणून. हात आडवा आला की मशीन थांबवणारा फोटोसेलचा अडसरही बंद केलेला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बायंडरीत जाऊन बघितलं. माझ्याकडेही टेप होती. मी लावली नव्हती, पण मी काढलीही नव्हती.

आम्ही संघातर्फे तिघांचं पथक केलं. ज्याला हवं त्याच्याकडे जाऊन कटिंग मशीन, क्रीजिंग, पिनिंगची यंत्रं तपासायची. अट एकच, कागदावर काही लिहायचं नाही आणि बाहेर काही बोलायचं नाही. इतिवृत्त लिहिणारी बाई असं म्हणतेय, लक्षात घ्या. सरकारी निरीक्षकाला कुणी टेप दाखवत नाही, आम्हाला दाखवायचे. पहिल्या वर्षी बाविस छापखाने झाले. टेप किती ठिकाणी सापडली ते सांगणार नाही, शब्द दिलाय.

रोकडा, तुमच्या ग्रुपमधून हे झालं नसतं असं मी म्हणत नाही. झालं नाही एवढंच.

तासाचा_हिशेब

+१ ताई. उद्या सकाळी आधी माझं कटिंग मशीन बघतो.

डिजिटल_पोर

माझ्यासारख्यांना तुमच्या संघात जागा आहे का? माझ्याकडे प्लेटच नाही. दोन डिजिटल मशीन, पंचवीस प्रतींचं पुस्तकही काढतो. सभासदत्वाच्या अर्जात "मशीनचा आकार व सिलिंडरची संख्या" विचारलंय. मी सिलिंडरपुढे रेघ मारली तर अर्ज "अपूर्ण" म्हणून परत आला.

पाय_पका

पुढच्या वेळी शून्य लिही पोरा. शून्य हा आकडा आहे, रेघ नाही.

चारशे_जीएसएम

द्रुपा या छपाईयंत्रांच्या प्रदर्शनाला संघाबरोबर गेलेलं कुणी आहे का? त्याचा उपयोग होतो की नुसती सहल?

डेल्टा_ई

दोन्ही. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला १९५१ पासून भरतं ते प्रदर्शन. २०२० चं साथीमुळे झालंच नाही, त्यानंतर थेट २०२४ ला भरलं, अकरा दिवस. एकट्याने गेलात तर विक्रेता जे दाखवेल ते बघाल. तिथे दाखवत होते ते यूव्ही मशीन (अतिनील दिव्याने शाई वाळवणारं) आमच्या गटात एकाने आधीच घेतलं होतं. तो विक्रेत्यासमोर उभा राहून फक्त म्हणाला, "दिव्याचं आयुष्य सांगा." पुढची दहा मिनिटं ऐकण्यासारखी होती.

रोकडा

धागालेखकांना माझा सल्ला, आता थोडा मवाळ झालोय म्हणून. समिती घ्यायच्या आधी संघाचे गेल्या पाच वर्षांचे पदाधिकारी बघा. तीच चार नावं खुर्च्या बदलत असतील तर खुर्च्या लावण्यापलीकडे तुम्हाला काम मिळणार नाही. हिशेबपत्रक मागा. समारंभावर किती गेलं आणि प्रशिक्षणावर किती, तेवढं बघा. आणि कार्यकारिणीत जाऊ नका. तिथे फक्त सभा होतात. जिथे काहीतरी हातात घेऊन बसतात अशी छोटी समिती शोधा. मी चुकीच्या खोलीत दोन वर्षं घालवली असं हा धागा वाचून वाटतंय. अहवाल गेल्याचा राग मात्र तसाच आहे.

उलटी_प्लेट

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी केल्या.

एक, कपाटातली सभासदांची यादी काढली. आमच्या मापाची मशीनं असलेले अकराजण निघाले, त्यातल्या तिघांना मी तोंडओळखीनेही ओळखत नाही. सगळ्यात जवळचा माझ्या दारातून दिसतो. त्याच्या पाटीकडे मी इतकी वर्षं फक्त शत्रू म्हणून बघत आलो.

दुसरं, सचिवांना फोन करून म्हटलं, खर्च समिती आहे का? म्हणाले, होती, बंद पडली, तुम्ही सुरू करता का? (बायंडिंगवाली ताई, या वाक्याची तारीख लिहून ठेवली.) मंगळवारी पहिली बैठक. मशिनमनच्या हातात वही दिलीय. तो विचारतोय, माझ्यावर पाळत ठेवताय का?

तासाचा_हिशेब

माझाही हेच म्हणाला होता. त्याला सांगा, पहिल्या पानावर मालकामुळे थांबलेले तास लिही. खूश होईल.

नवशिका_ऑफसेट

दाणा सरळ करून छापलं. बसलं! चारशे_जीएसएम, धन्यवाद. आमच्याकडे संघच नाही, जवळचा शोधतोय.

ग्रिपर_ढिला

मंगळवार होऊन गेला. झाली का बैठक?

उलटी_प्लेट

झाली. चाळीस मिनिटं उशिरा. नऊजण येणार होते, पाच आले. त्यातला एक समोरच्या पाटीवाला. दोघांनी वही आणली होती, तिघांनी "आमचं मशीन पूर्ण वेळ चालतं" असं सांगितलं. मी काही बोललो नाही, म्हातारे काका नसल्यामुळे हसायचं काम मीच केलं. माझी वही अजून दोनच आठवड्यांची आहे. त्या हिशेबाने महिन्याचे तास येतात सत्त्याण्णव.

मालकामुळे थांबलेले त्यातून वेगळे काढलेत. आकडा विचारू नका.

ग्रिपर_ढिला

आणि पावती?

उलटी_प्लेट

मिळाली. रजिस्ट्रेशन हललंय.